आधी दर्गा, मग दवाखाना

मिरज जंक्शनवर उतरणाऱ्या माणसांचे आमच्या आज्जीने तीन भाग पाडले होते. गाडी बदलायला उतरलेली, डॉक्टरला दाखवायला आलेली आणि तंबोरा घ्यायला आलेली. तिसरी अगदी थोडी. शिकलगारांनी तलवारी पाजळायचं सोडून सतारी-तंबोरे करायला घेतले त्याला आता दीडशेवर वर्षं झाली. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे अजूनही मिरजेत येऊनच गायला शिकतात. पण आज्जीला त्याचं फारसं कौतुक नव्हतं. तिचा जीव दुसऱ्या भागात. फलाटावर घोंगड्यात गुंडाळलेलं माणूस दिसलं की पदर तोंडाला लावून ती हळूच म्हणायची, "मीरासाबा, बघ रं बाबा ह्येच्याकडं."

आता आज्जी काही पिराच्या घरातली नव्हे. आमचं घर माळकऱ्याचं. पणजोबांच्या गळ्यात तुळशीची माळ होती, एकादशीला चूल थंड असायची आणि आषाढीला घरातलं कुणी ना कुणी पंढरीच्या वाटेवर असायचं. पण दुखण्याची गोष्ट वेगळी. दुखणं आलं की आमच्या घरात देवांची हद्द मोडायची.

गाव कृष्णेच्या काठचं, मिरजेपासून बैलगाडीने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. माणूस जास्त झालं की गाडी जुंपायची. गाडीत कडबा, त्यावर वाकळ, त्यावर दुखणाईत. मागे बाईमाणूस. तिच्या गाठोड्यात जोंधळ्याचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, हुलगे, गुळाचा खडा आणि एक पितळी. गावाच्या शिवेवर मरीआईला नारळ. मिरजेत शिरलं की आधी गाडी दर्ग्याकडे. ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या उंबऱ्यावर दुखणाइताचं डोकं टेकवायचं, ऊद लावायचा, गलेफ, म्हणजे मजारीवर घालायची चादर, बोलायचा. मग गाडी वळायची मिशन हॉस्पिटलकडे. आणि माणूस उठलं, तर परतताना वाकडी वाट करून नरसोबाच्या वाडीला. तिथे कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर दत्ताच्या पादुकांचं दर्शन, पेढ्यांचा पुडा आणि झेपेल तेवढ्या प्रदक्षिणा. आज्जीच्या हिशेबात हे तिघे एकाच कामावर नेमलेले होते. "वाडीचा दत्त, मिरजंचा मीरासाब आन् मिशनचा वानलेस," असं ती एका दमात म्हणायची आणि त्यात काही गमतीचं आहे असं तिला कधी वाटलं नाही.

तिच्या आधीच्या पिढीला तरुणपणी वानलेस डॉक्टर माहीत नव्हता. पणजीच्या तरुणपणी नुसता देवच होता.

पणजीला मी पाहिलेलं नाही. तिच्या गोष्टी आज्जीकडून आल्या, आणि आज्जी सांगताना सालं-वर्षं धरायची नाही. मोठी झाल्यावर मी त्यांना पुस्तकातली सालं जोडली. 1896च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवीत डॉक्टर व्हिएगसांनी गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, ओळखला. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला तो पुण्यात पोचला, रँडचे सोजीर घरात शिरून माणसं तपासू लागले आणि 22 जूनच्या रात्री चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. हे आपण शाळेत शिकलो. पणजीला यातलं काही ठाऊक नव्हतं. आमचा मुलूख संस्थानी, पटवर्धनांचा आणि कोल्हापूरकरांचा. पण रेल्वे होती, म्हणून ताप आला, आणि तापाच्याही आधी वार्ता आली, की सरकार आजारी माणसाला उचलून नेतं आणि ते परत येत नाही. त्यामुळे पणजीच्या गोष्टीत दोन भीती एकत्र चालायच्या, एक गाठीची आणि एक दार वाजण्याची. कुणाच्या घरात आढ्यावरून उंदीर पडला, की ते घर तोंड उघडायचं नाही. शेजारी शेजाऱ्याकडे संशयाने बघायचा.

मग गाव सोडून माळावर. तुराट्यांच्या झोपड्या, पाचटाची छपरं. पणजीने देव्हाऱ्यातले देव टोपलीत घालून डोक्यावरून नेले आणि जोंधळ्याचं बी घरात विसरून गेली, यावरून सासूने तिला पुढे आयुष्यभर बोल लावला. मला ती सासू जास्त शहाणी वाटते.

त्याच काळातली मरीआईच्या गाड्याची गोष्ट आहे. रोगराई आली की मरीआईची पूजा बांधायची, हिरवा खण, बांगड्या, दहीभात, आणि सगळं छोट्या गाड्यावर ठेवून हलग्यांच्या कडकडाटात तो शिवेपार करायचा. म्हणजे गावातली इडापिडा गेली. गेली कुठे? पलीकडच्या गावात. आमच्या गावाने गाडा ओढत शिवेपर्यंत नेला तेव्हा पलीकडचं गाव काठ्या घेऊन उभं होतं. रात्रभर दोन्ही गावं समोरासमोर. आज्जी हे हसत सांगायची, पण पणजी हसत नसणार. शेवटी गाडा ओढ्यात ढकलला म्हणे. कुणी म्हणतं कृष्णेत. देवावर भरवसा ठेवायचा आणि आपलं मरण शेजाऱ्याच्या दारात नेऊन टाकायचं, ही रीत आपल्याकडे होती हे विसरू नये. म्हाताऱ्या माणसांबद्दल लिहिताना सगळंच गुळचट होऊ लागलं की मला हा गाडा आठवतो.

मिरजेत प्लेगाची आणखी एक गोष्ट सांगतात. किराणा घराण्याचे खाँसाहेब, अब्दुल करीम खाँ, मिरजेत आले असताना प्लेगाने आजारी पडले. कुणीतरी सांगितलं, मीरासाहेबांपुढे जाऊन गा. ते जाऊन बसले, गायले आणि उठले. वैद्यकाच्या चौकटीत ही गोष्ट बसत नाही, आणि मी ती बसवायलाही जाणार नाही. मात्र पुढचं सगळं कागदोपत्री आहे. खाँसाहेबांनी मिरजेत घर केलं, त्यांच्या कन्या हिराबाई बडोदेकर मिरजेतच 1905 साली जन्मल्या, आणि 1937च्या ऑक्टोबरात मद्रासहून पाँडिचेरीकडे जाताना वाटेतल्या स्टेशनावर खाँसाहेब गेले तेव्हा त्यांना आणून पुरलं ते मीरासाहेबांच्याच आवारात. उरुसात तिथे चिंचेच्या झाडाखाली त्यांच्या नावाची गाण्याची सभा भरते. गंगूबाई, भीमसेन, सगळे तिथे गाऊन गेलेत. आज्जीला गाण्यातलं कळत नव्हतं. "बरं झालेला मानूस देवाला इसरला न्हाई," एवढंच तिला कळत होतं, आणि तेवढ्यावर ती खाँसाहेबांना आपल्यातलं धरायची.

पण मिरजेने सगळ्यांनाच बरं केलं असं नाही. विष्णु दिगंबर पलुस्कर कुरुंदवाडचे, म्हणजे वाडीच्या पलीकडच्या तीरावरचे. लहानपणी दत्तजयंतीला फटाका तोंडावर फुटला आणि डोळे गेले म्हणायची वेळ आली. घर कीर्तनकाराचं, दत्ताच्या पायाशी राहणारं, आणि दत्ताच्याच सणाला हे झालं. मिरजेत भडभडे डॉक्टरांच्या औषधपाण्याला आणलं. डोळे काही पहिल्यासारखे झाले नाहीत. डॉक्टरांनीच मग मुलाला गाणं शिकवा म्हणून सुचवलं आणि तो बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांच्या हाताखाली गेला. पुढे 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय निघालं ते त्या मुलाच्या हातून. लोक म्हणतात, देवाने एक दार लावलं आणि दुसरं उघडलं. मला हा हिशेब पटत नाही. डोळे गेले ते गेलेच. उतारवयात त्यांची दृष्टी पार गेली. त्या डॉक्टरांच्या डोक्यात मात्र औषध हरल्यावरही रोग्याचा विचार चालू होता, आणि ते मला फार मोठं वाटतं.

वानलेसबद्दल आज्जी सांगायला बसली की चुलीवरचं दूध उतू जायचं. विल्यम वानलेस मूळचा कॅनडाचा, अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचा डॉक्टर. 1889 साली इकडे आला, आधी सांगलीत, मग मिरजेत, आणि 1894 मध्ये मिशन हॉस्पिटल उभं राहिलं. कोल्हापूरला जाणारी रेल्वे त्याच्या तीनच वर्षं आधी झालेली. कर्नाटकातून, निजामाच्या मुलखातून, लोंढ्याच्या वाटेने थेट गोव्यातून माणसं यायची. मोतीबिंदूसाठी तर फारच. सरकारने त्याला पुढे सर केलं, ते आज्जीला माहीत नव्हतं. सांगली-मिरजेच्या मध्ये त्याच्या नावाची वानलेसवाडी झाली, ती माहीत होती.

आमच्या पणजोबांचे मोतीबिंदू तिथेच काढले. कापणारा तो वानलेसच होता की दुसरा कुणी, हे सांगता यायचं नाही, कारण आज्जीच्या लेखी मिशनमधला प्रत्येक गोरा माणूस वानलेसच होता. शस्त्राला हात घालण्याआधी डॉक्टर डोळे मिटून आपल्या येशूची प्रार्थना करायचे. टेबलावर पडलेल्या पणजोबांनी आवाजावरून ओळखलं की हा देवाशी बोलतोय. मग त्यांनीही विठ्ठल विठ्ठल सुरू केलं. एकाने हळू, एकाने मोठ्याने. कुणीतरी पणजोबांना गप्प राहायला सांगितलं असणार, पण डॉक्टरने त्यांना अडवलं नाही, असं आमच्या घरात सांगतात. नंतर डोळ्यांवर पट्टी आणि हलायचं नाही, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. हरिपाठ मनातल्या मनात. पट्टी काढल्यावर आधी काय दिसलं, यावर घरात दोन मतं आहेत. आजोबा म्हणायचे, नर्सची पांढरी टोपी. आज्जी म्हणायची, भिंतीवरचा क्रूस. पणजोबांनी त्यालाही हात जोडले, यावर मात्र एकमत.

आज्जी तेव्हा नवी सून, सासऱ्याबरोबर राहायला गेलेली. नातेवाइकांचं राहणं आवारातच. तीन दगडांची चूल मांडायची आणि आपापलं शिजवायचं. शेजारच्या चुलीवर विजापूरकडचं मुसलमान कुटुंब, पलीकडे कुणी कानडी, आणि खोलीत पणजोबांच्या शेजारच्या खाटेवर महारवाड्यातला एक म्हातारा. आज्जी जात पाळायची. तिने ते कधी लपवलं नाही. पहिले दिवस ती स्वतःच्या चुलीभोवती पाण्याची रेघ ओढायची. मग एकदा सासऱ्याला पाणी पाजायला ती जागेवर नव्हती आणि शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याच्या बायकोने पाजलं. पट्टी बांधलेले पणजोबा म्हणाले, "माय, कुणाची गं तू?" तिने जात सांगितली. पणजोबांनी आणखी एक घोट मागितला. आज्जी दारात उभी होती. "मग मी काय बोलनार?" ती म्हणायची. आणि लगेच पुढे खरं तेही सांगून टाकायची, "पर घरला आल्याव आधी न्हाले बघ मी."

तिच्या या शेवटच्या वाक्यामुळे माझा तिच्या बाकीच्या गोष्टींवर विश्वास बसतो.

माडग्याबद्दल लिहायचं राहिलं. हुलगे भाजून दळायचे, पाण्यात कालवून शिजवायचे, गूळ, मीठ, सुंठ, थोडी मिरी. पातळसर, गरम, तपकिरी. तापातून उठलेल्या माणसाला आमच्याकडे दुसरं काही देत नाहीत. 1918 साली मानमोडीची साथ आली, म्हणजे तो इन्फ्लुएंझा. देशभरात एक कोटीहून जास्त माणसं गेली. आज्जी तेव्हा सासरी नुकती आलेली. गावातल्या बहुतेक घरांत चूल पेटेना, कारण पेटवायला उभं राहणारंच कुणी नव्हतं. एक मुलाण्याची म्हातारी तेवढी पायावर होती. तिने अंगणात मोठ्या डेगीत माडगं शिजवलं आणि घरोघर उंबऱ्यात ठेवत गेली. बाकी वेळी तिच्या हातचं पाणीही न पिणाऱ्या घरांत ते पोचलं. खाल्लं का? "खाल्लं की. न खाऊन कुनाला सांगतीस!" तिने कुणाच्या देवाचं नाव घेतलं, अल्लाचं की मरीआईचं, हे आज्जीला आठवत नव्हतं. डेग तांब्याची होती आणि कल्हई गेलेली होती, हे आठवत होतं.

देवाने बरं केलं नाही अशाही गोष्टी आहेत, आणि त्या घरात हळू आवाजात सांगतात. आजोबांचे धाकटे भाऊ क्षयाने वानलेसवाडीच्या आरोग्यधामात होते. तेव्हा क्षयावर गोळी नव्हती. मोकळी हवा, दूध, अंडी आणि वाट बघणं. माळकरी घरातल्या मुलाला अंडी खायला पणजोबांनी स्वतः सांगितलं. आज्जीने दिराच्या नावाने मीरासाहेबांना गलेफ बोलला होता, वाडीला सेवेला बसायचंही बोलली होती. दीर गेला. आज्जीने ठरवलं, आता पायरी चढायची नाही. आणि पुढच्या वर्षी उरुसाला गेलीच. मी विचारलं, का? "भांडाय गेलते," ती म्हणाली. भांडणाचं पुढे काय झालं ते तिने सांगितलं नाही. गलेफ मात्र घातला.

देवी आल्या तेव्हाची गोष्ट मला याहून जड जाते. घरात आई आल्यात म्हटलं की वैद्य नाही, डॉक्टर नाही, औषधाचं नाव काढायचं नाही. खाटेवर कडुनिंबाचा पाला, घरात फोडणी बंद, बाहेरचं माणूस बंद. टोचणीवाला गावात आला की बायका पोरांना कणगीत लपवायच्या. आमच्या आत्तीला लपवलं. ती वाचली, तोंडावर व्रण घेऊन. तिच्या पाठचा भाऊ राहिला नाही. आज्जी म्हणायची, आईची मर्जी. आत्ती म्हातारपणी स्पष्ट म्हणायची, "मर्जी कसली? कणगी आमची, झाकन आमी लावलं." भारतातला देवीचा शेवटचा रोगी 1975चा, आणि 1980 साली सगळ्या जगातून देवी गेली. ती टोचण्याने गेली. इथे मी आत्तीच्या बाजूला आहे.

अठ्ठेचाळीस सालचं सांगताना मात्र आज्जी आणि आत्ती दोघींचा सूर एक व्हायचा. गांधीजींच्या खुनानंतर सांगली, मिरज, कोल्हापूर, सातारा या पट्ट्यात ब्राह्मणांची घरं जाळली गेली. आमच्या गावात तसं घर एकच, वैद्यबुवांचं. गावातल्या प्रत्येक घराने त्यांच्या पुड्या खाल्लेल्या. त्या रात्री वाडा पेटला, बरण्या फुटल्या, पोथ्या जळाल्या. गुळवेलाचा, हिरड्याचा वास दोन दिवस गावात होता, असं आत्ती म्हणायची. मध्ये गेलेल्या वर्षांनी त्या वासात काय भर घातली असेल ते ती जाणे. बुवा बायकापोरांसह रातोरात निघून गेले, कुणाच्या तरी कडब्याच्या गाडीतून. गाडी कुणाची ते गावात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोललं नाही. पेटवणाऱ्यांची नावंही तशीच. पुढच्या पावसाळ्यात पोरांना ताप आले, तेव्हा लोक देवळात साकडं घालायला जमले. पणजोबा तेव्हा फार थकलेले. ते म्हणाले म्हणे, "औषध जाळलंसा, आता देवानं काय पानी द्यावं?" आणि घरी निघून आले. आजोबांनी ताप आलेल्या दोन-चार पोरांना गाडीत घालून मिरजेला नेलं. त्यातलं एक पोर पेटवणाऱ्यातल्या एकाचं होतं, एवढं आज्जी सांगायची. नाव नाही.

मिरजेचं तरी सारखं चांगलंच चाललं असं कुठे आहे? 2009च्या गणपतीत कमानीवरच्या एका चित्रावरून दंगल उसळली, संचारबंदी लागली, विसर्जन रखडलं, आग सांगली-इचलकरंजीपर्यंत गेली. आत्ती तेव्हा मिरजेतल्याच एका दवाखान्यात होती, नाकात नळी. रस्त्यावर माणूस नाही. तिच्या खोलीतल्या दुसऱ्या बाईचा मुलगा अडकून पडलेला, तो मुसलमान, आणि आमचा माणूस गावात अडकलेला. दोन म्हाताऱ्या एकमेकींना रात्रीतून हाका मारून जाग्या आहेत का बघायच्या. सकाळी एक रामरक्षा म्हणायची, दुसरी तसबी ओढायची. संचारबंदी सैल झाल्यावर मी पोचले, तेव्हा आत्तीने आधी सांगितलं ते त्या बाईसाठी पेज आण म्हणून.

करोनात देवच कुलुपात गेले. 2020च्या मार्चपासून दिवाळीच्या पाडव्यापर्यंत, 16 नोव्हेंबरपर्यंत, देऊळ, मशीद, दर्गा, चर्च, सगळ्यांची दारं बंद. माउलींच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. आमच्या जिल्ह्यात पहिले रोगी इस्लामपूरला सापडले, एका घरातून वाढत गेले आणि मिरजेच्या सरकारी दवाखान्यात उपचार होऊन घरी परतले. आज्जी असती तर तिची पंचाईत झाली असती. आधी दर्गा, मग दवाखाना, हा तिचा क्रम पहिल्यांदाच मोडला. तिने उंबऱ्याबाहेरून, बंद दाराला, भांडण केलं असतं.

मी देवभोळी नाही. वाडीला जाते ती निम्मी पेढ्यांसाठी, निम्मी नदीसाठी. पण एखाद्याच्या हातात काही उरलं नाही आणि तो कुठल्याही उंबऱ्यावर डोकं टेकतो, तेव्हा मला हसू येत नाही. औषध घेऊ नको म्हणणारा देव आणि शेजाऱ्याच्या शिवेत गाडा ढकलायला लावणारा देव, हे दोन मी घरातून काढून टाकले. उरलेले आहेत तिथे राहू दिले.

मीरासाहेबांच्या उरुसाची सुरुवात आजही चर्मकार समाजाच्या मानाच्या गलेफाने होते. हे आज्जीनेच मला पहिल्यांदा सांगितलं होतं, आणि ते खरं आहे. तिने स्वतः आयुष्यात कुणासाठी कुठे कुठे गलेफ, नारळ, प्रदक्षिणा बोलल्या होत्या, त्याची यादी मात्र माझ्याकडे अर्धीच आहे, आणि उरलेली सांगणारं आता कुणी नाही. तुमच्या घरात कुणी म्हातारं माणूस असेल, तर या आठवड्यात त्याच्याजवळ बसा आणि विचारून घ्या. कोणत्या देवाला बोलला होता, कोणत्या डॉक्टरने तपासलं होतं, आणि ताप उतरल्यावर माडगं कुणाच्या घरचं आलं होतं. तिन्ही नावं लिहून ठेवा. तिसरं नाव आधी विचारा, ते लवकर विसरतं.